आजीबाईंची नाताळची भेट

नाताळचा सण आठ-पंधरा दिवसांवर आला, म्हणजे आपल्या ख्रिस्ती घरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या यांचे डबे भरूं लागतात. वसईकडे फुग्यांचें पीठ आंबत ठेवितात. गोव्याकडे नेवऱ्या आणि दोदोल यांची तयारी चालते. भिंतींस रंगाचा हात मिळतो, आणि कामट्यांचा व कागदाचा तारा दारावर टांगला जातो. याच दिवसांत कोणाला काय द्यावयाचें याचीहि चर्चा घरोघर होते. धाकट्याला खेळणें, थोरल्याला घड्याळ, सुनेला साडी, जांवयाला सदऱ्याचें कापड, अशी यादी वाढत जाते, आणि यादीच्या अगदीं शेवटीं कोणी तरी विचारतें, "आणि आजीला काय?" या प्रश्नाचें उत्तर बहुधा तत्काळ मिळतें: "तिला काय लागतें? एक शाल घेऊन टाका."

हें "घेऊन टाका" ऐकलें म्हणजे मनास वाईट वाटतें. यांत शालीचा कांहींच दोष नाहीं. डिसेंबरांत नगरच्या पठारावर किंवा पुण्याच्या बाजूस रात्रींची थंडी म्हाताऱ्या हाडांस चांगलीच झोंबते, आणि ऊबदार वस्त्रासारखी उपयोगी वस्तु दुसरी नाहीं. परंतु शालच गेल्या वर्षीं दिली होती, आणि त्याच्या आदल्या वर्षींहि. आजीच्या पेटींत तीन शाली घडी न मोडतां पडल्या आहेत. ती त्यांत डांबराच्या गोळ्या घालून त्या जपते, आणि स्वतः जुनी, विरलेली शाल पांघरून बसते. कां? कारण जुनी हलकी आहे, खांद्यावरून घसरत नाहीं, आणि ती आजोबांनीं आणलेली आहे. इतकी गोष्ट ज्या नातवास ठाऊक नाहीं, त्यानें दुकानांत कितीहि पैसे मोजले तरी त्यानें खरेदी केली एवढेंच म्हणतां येईल. भेट द्यावयाची म्हणजे जिला द्यावयाची तिची आधीं ओळख पाहिजे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. घरांतील भेटींच्या यादींत आजीबाईंचें नांव शेवटचें न राहतां पहिलें यावें, आणि तिच्यासाठीं निवडलेली वस्तु पैशानें लहान असली तरी चालेल, पण ती तिच्या रोजच्या आयुष्याकडे नीट पाहून निवडलेली असावी. ज्या घरांत आजीची भेट विचारपूर्वक निवडली जाते, त्या घरांतील इतर भेटीहि बहुतकरून खऱ्या असतात. याचें कारण उघड आहे. इतरांस देतांना परतफेडीची आशा, मोठेपणाची हौस किंवा मुलांच्या हट्टाची भीति यांपैकीं कांहीं तरी आपल्या मनांत असतें. आजी हट्ट करीत नाहीं, परतफेड करूं शकत नाहीं, आणि तिला काय दिलें हें शेजाऱ्यांस दिसतहि नाहीं. म्हणून आपल्या औदार्याची खरी परीक्षा तिच्याच खोलींत होते.

ज्या सणाच्या निमित्तानें या भेटी होतात, त्याच्या कथेंतहि वृद्ध स्त्रियांस स्थान आहे, याचें स्मरण मुलांनीं ठेवावें. पूर्वेकडील मागी लोकांनीं बाळ येशूपुढें सोनें, ऊद आणि गंधरस ठेविला, ही मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायांतील हकीकत प्रत्येक नाट्यप्रवेशांत मुलें दाखवितात. परंतु लूकच्या दुसऱ्या अध्यायांत त्याच बाळाला मंदिरांत पाहणारी हन्ना नांवाची एक विधवा आहे, आणि चौऱ्यांशीचा आंकडा तिच्या वयाच्या संबंधांत तेथें दिलेला आहे. त्या म्हातारीची भूमिका आमच्या शाळांतून क्वचितच कोणी घेतें. त्याहून जुनी गोष्ट त्याच बेथलेहेम गांवची आहे. नामी नांवाची स्त्री पति व दोन्ही पुत्र गमावून तेथें परत आली. पुढें तिच्या सुनेला, रूथला, मुलगा झाला, तेव्हां गांवच्या बायकांनीं नामीचें अभिनंदन केलें कीं, हें मूल तुझ्या म्हातारपणाचा आधार होईल. नामीनें तें मूल उराशीं धरलें व त्याचें संगोपन केलें. तें मूल म्हणजे दाविदाचा आजोबा ओबेद. बेथलेहेमचें नांव घेऊन जो सण आपण पाळतों, त्याच्या मागें अशी एक आजी उभी आहे. नव्या करारांत आजीचा उल्लेख असा एकच येतो, तो तीमथ्याची आजी लोईस हिचा; आणि तो तिच्या विश्वासाच्या गौरवासाठीं आला आहे.

आतां एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे, आणि ती पालकांस उद्देशून आहे. पुष्कळ घरांतून जें आजीला भेट म्हणून दिलें जातें, तें वस्तुतः तिचें देणें असतें. तिचा चष्मा जून महिन्यांत फुटला. "पाहूं, करूं" करीत सहा महिने गेले. आणि नाताळच्या दिवशीं रंगीत कागदांत गुंडाळून नवा चष्मा तिच्या हातांत देण्यांत आला. सगळ्यांनीं टाळ्या वाजविल्या. चष्मा, औषध, दांतांची कवळी, पायांत धड चप्पल, अंथरुणावर नीट गादी, या गोष्टींना सण लागत नाहीं. त्या ज्या दिवशीं लागतील त्याच दिवशीं आल्या पाहिजेत. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं आपल्या देशांत २००७ सालीं कायदा झाला, आणि त्यांत आजी-आजोबांचाहि निर्वाहाचा हक्क मान्य करून सज्ञान नातवंडांवरसुद्धां ती जबाबदारी ठेविली आहे. कायदा जेवढें मागतो तेवढें देऊन त्यास भेट म्हणणें म्हणजे सावकाराचें कर्ज फेडून त्यास दानधर्म म्हणण्यासारखें आहे. आधीं देणें फेडावें, मग भेटीचा विचार करावा.

दुसरी अडचण अशी कीं, आजीला विचारलें तर ती म्हणते, "मला कांहीं नको." हे शब्द जसेच्या तसे खरे मानून पुष्कळ लोक मोकळे होतात. परंतु ज्या स्त्रीनें चाळीस-पन्नास वर्षें सर्वांना वाढून शेवटीं उरेल तें खाल्लें, तिच्या तोंडीं "मला नको" हे शब्द इतके रुळलेले असतात कीं, तिची खरी गरज त्यांच्या आड लपून जाते. कधीं त्यांचा अर्थ "माझ्यासाठीं खर्च करूं नका, मुलांची फी भरा" असा असतो. कधीं "वस्तु नको, तुम्ही या" असा असतो. आणि कधीं "मागून मिळालेल्यांत गोडी नाहीं" असा असतो. यांतील कोणता अर्थ खरा, हें तिच्या तोंडून कळावयाचें नाहीं. तें तिच्या हातांकडे, डोळ्यांकडे आणि दिवसाच्या क्रमाकडे पाहून कळेल. म्हणून डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक दिवस आजीजवळ बसून नुसतें पाहावें. ती कोठें अडखळते? कशासाठीं दुसऱ्याची वाट पाहते? कोणती गोष्ट पूर्वीं करीत असे आणि आतां करीत नाहीं? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला मिळालीं, त्याला भेट आपोआप सुचेल.

उदाहरणार्थ, डोळ्यांचीच गोष्ट घ्या. चाळिशीनंतर जवळचें वाचण्याची शक्ति कमी होत जाते, आणि पुढें मोतीबिंदु झाला तर सर्वच धुरकट दिसूं लागतें. मोतीबिंदूवर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. तो करविणें हें कर्तव्यांत येतें, म्हणून तें येथें सोडून देऊं. परंतु निरोगी म्हाताऱ्या डोळ्यांसहि तरुण डोळ्यांपेक्षां पुष्कळ अधिक उजेड लागतो, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. आजी जेथें शास्त्रपाठ वाचते, तेथें खांद्यामागून प्रकाश पडेल असा एक चांगला दिवा लावून देणें ही उत्तम भेट होय. तिच्या आवडीचीं दहा-बारा स्तोत्रें किंवा गीतें जाड कागदावर, काळ्या शाईनें, बोराएवढ्या अक्षरांत लिहून वही शिवून दिली, तर ती वही छापील पुस्तकापेक्षां तिच्या उशाशीं अधिक दिवस राहील. अक्षर मात्र सुवाच्य पाहिजे. आपल्या गुरुजींनीं शुद्धलेखनासाठीं घेतलेले कष्ट येथें फळास येतील.

कानांचें तसेंच आहे. उतारवयांत ऐकूं येईनासें होतें, तें बहुधा उंच पट्टीच्या आवाजापासून सुरू होतें. त्यामुळें मुलांचा किनरा आवाज आजीला सर्वांत आधीं तुटक ऐकूं येतो, आणि आपण ओरडलों तर ती अधिकच गोंधळते. तिच्या समोर बसून, तोंड दिसेल असें धरून, सावकाश व खालच्या स्वरांत बोलावें. ही संवय नातवंडांनीं नाताळपासून लावून घेतली, तर ती वर्षभर पुरणारी भेट होईल, आणि तिला एक पैसाहि पडणार नाहीं. सणाच्या दिवशीं दहा माणसें एकदम बोलत असतां ऐकूं न येणारी म्हातारी कोपऱ्यांत हसरा चेहरा करून बसते. ती आनंदांत आहे असें आपणांस वाटतें. खरें पाहतां ती एकटी असते. जेवणानंतर एका नातवानें तिला बाजूच्या शांत खोलींत नेऊन दिवसभराच्या गमती सांगाव्या. तेवढ्यानें तिचा सण सुरू होतो.

हातपायांची निगा हा तिसरा विषय. बोटें वळत नाहींत म्हणून आजीला बरणीचें झांकण उघडत नाहीं, पोलक्याच्या गुंड्या लागत नाहींत, नखें कापतां येत नाहींत, आणि सुईंत दोरा ओंवतां येत नाहीं. शिवणाची आवड असलेल्या म्हातारीचें हें शेवटचें दुःख फार मोठें असतें. कारण एका टांक्यासाठीं तिला शाळेंतून कोणी येईपर्यंत थांबावें लागतें. एखाद्या मुलीनें वीस सुया घेऊन त्यांत पांढरा, काळा, तांबडा, हिरवा असे लांब दोरे ओंवून त्या एका कापडी उशींत टोंचून दिल्या, आणि महिन्याच्या महिन्याला रिकाम्या झालेल्या सुया पुन्हां भरून ठेवण्याचें पत्करलें, तर त्या मुलीनें आजीला तिचे हात परत दिले असें आम्ही म्हणूं. पायांच्या बाबतींत सर्वांत धोक्याची जागा म्हणजे न्हाणीघर. म्हातारपणीं हाडें ठिसूळ होतात, आणि ओल्या फरशीवरील एका घसरण्यानें मांडीचें हाड मोडून बाई कायमची अंथरुणास खिळते. भिंतींत पक्की बसविलेली एक दांडी, न घसरणारी रबरी चटई, आणि खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रीं जळणारा मंद दिवा, हीं तिन्ही मिळून एका चांगल्या साडीच्या किंमतींत येतात. मात्र या वस्तु चार पाहुण्यांसमोर कागदांत गुंडाळून देऊं नयेत. कोणत्याहि माणसाला आपल्या दुबळेपणाचा देखावा झालेला आवडत नाहीं. दांडी गुपचूप बसवावी, आणि सर्वांसमोर फुलें द्यावीं.

खाण्याच्या भेटींविषयीं दोन शब्द. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणींत आपल्या देशांतील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर असल्याचें दिसून आलें. अर्थात् आपल्या आज्यांपैकीं पुष्कळांस साखर वर्ज्य आहे. अशा आजीला मिठाईची मोठी पेटी देणें म्हणजे तिला मोहांत पाडणें किंवा तिच्यासमोर इतरांनीं खाणें, या दोहोंपैकीं एक होय. त्याउलट, तिच्या माहेरच्या पद्धतीचा एखादा तिखटमिठाचा पदार्थ, तिनेंच सांगितलेल्या कृतीनें करून, लहानशा वाटींत तिच्यापुढें ठेवावा. वसईची किंवा मुंबईकडील ईस्ट इंडियन आजी असेल, तर उन्हाळ्यांत कुटून बाटल्यांत भरलेल्या मसाल्याचें प्रमाण तिच्याइतकें कोणास ठाऊक असणार? तें प्रमाण तिच्या तोंडून लिहून घेणें ही तिला आणि घराला, दोघांनाहि भेट आहे. मात्र डॉक्टरांनीं मीठहि तोडलें असेल, तर त्यांचा शब्द पाळावा.

यावरून आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतों. आजवर आपण आजीला घेणारी समजून वस्तूंचा विचार केला. परंतु म्हातारपणाचें खरें दुःख वस्तु नसण्यांत फारसें नसतें. आपला आतां कोणाला उपयोग नाहीं, आपल्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं, आणि आपल्या हातून कोणाला कांहीं दिलें जात नाहीं, यांत तें असतें. प्रभु येशूनें मंदिराच्या भांडाराशीं बसून ज्या विधवेची स्तुति केली, तिची दोन नाणीं श्रीमंतांच्या थैल्यांहून मोठीं ठरलीं. परंतु तीं तिच्या हातांत होतीं म्हणूनच ती तीं टाकूं शकली, ही गोष्ट आपण विसरतों. आपल्या कितीतरी आज्यांच्या हातांत स्वतःचें म्हणून एक नाणें नसतें. पेन्शन मुलगा आणतो, शेताचा पैसा दुसरा मुलगा ठेवितो, आणि रविवारीं दानपात्र पुढें आलें म्हणजे ती सुनेच्या तोंडाकडे पाहते. नातवंडें पायां पडावयास आलीं म्हणजे त्यांच्या हातावर कांहीं ठेवावें असें तिच्या मनांत येतें, पण पदराच्या गांठींत कांहींच नसतें.

म्हणून पालकांस आमची अशी सूचना आहे कीं, नाताळच्या आठ दिवस आधीं आजीच्या हातांत एक पाकीट द्यावें, आणि त्यांत दहा-वीस रुपयांच्या कोऱ्या नोटा घालाव्या. रक्कम आपल्या ऐपतीप्रमाणें असावी. त्या पैशांचा हिशेब कधींहि विचारूं नये. ती त्यांतून कोणास देईल, किती दानपात्रांत टाकील, किंवा सगळे उशीखालीं ठेवील, हें तिचें तिनें ठरवावें. एखाद्या वाया गेलेल्या नातवाला ती अधिक देईल, आणि आपणांस तें पटणार नाहीं. तरी बोलूं नये. ज्या पैशावर दुसऱ्याची नजर आहे तो आपला नव्हे, हें लहान मुलालाहि कळतें. जिनें जन्मभर दिलें तिला पुन्हां देणारी होतां यावें, याहून मोठी भेट आम्हांस सुचत नाहीं.

तिच्याजवळ देण्यासारखें दुसरेंहि एक धन आहे, आणि त्यास पाकीट लागत नाहीं. तें म्हणजे तिची आठवण. आपल्या समाजाला याचें एक थोर उदाहरण लाभलें आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा. शाळेंत जाऊन त्या शिकल्या नाहींत. परंतु साठी उलटल्यावर त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्राचे भाग १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊं लागले, आणि १९३६ सालीं त्या निवर्तल्या. आज मराठी गद्यांतील उत्तमांत उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. रेव्हरंड टिळकांच्या संसारांतील भांडणें, उपास, प्रवास, हास्य आणि अश्रू त्या माउलीनें सांगितले नसते, तर ते सारे तिच्याबरोबरच मातींत गेले असते. प्रत्येक आजी लक्ष्मीबाई होणार नाहीं हें खरें. परंतु आपल्या गांवचें चर्च कोणी बांधलें, दुष्काळांत घरांत काय शिजत होतें, तिच्या आईनें पहिल्यानें वाचावयास कधीं घेतलें, रेडिओ घरांत प्रथम कधीं आला, ती कोणत्या मैत्रिणीबरोबर शाळेंत जात असे आणि ती शाळा कां सुटली, हें सांगणारें दुसरें पुस्तक कोठेंहि मिळावयाचें नाहीं.

विद्यार्थ्यांनीं या नाताळांत एक कोरी वही घ्यावी. पहिल्या पानावर आजीचें पूर्ण नांव, माहेरचें नांवासकट, लिहावें. किती मुलांना तें ठाऊक आहे? मग रोज एक प्रश्न विचारावा व तिचें उत्तर तिच्याच शब्दांत लिहावें. तिचें बोलणें सुधारून ग्रंथी करूं नये. हल्लीं बहुतेक घरांत मोबाईल आहे, त्यावर तिचा आवाजहि सांठवून ठेवतां येतो. टिळकांचीं किंवा त्याहून जुनीं गीतें ती ज्या चालीवर म्हणते, त्यांपैकीं कांहीं चाली आतांच्या गायनमंडळांस ठाऊक नसतील. त्या तिच्या गळ्यांतून घेऊन ठेवाव्या. ज्ञानोदय हें पत्र १८४२ सालीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, निघालें. त्याचे जुने अंक ज्या घरांतील पेटींत असतील, तेथें ते बाहेर काढून आजीला मोठ्यानें वाचून दाखवावे. ओळखीचें एखादें नांव आलें कीं ती वाचन थांबवील आणि पुढची गोष्ट तीच सांगेल. अशा वेळीं अंक मिटून ऐकत बसावें.

सोबतीची भेट हीहि थोर आहे. पुष्कळ आज्या गांवीं राहतात आणि मुलें मुंबई-पुण्यास. राज्य परिवहनाच्या गाड्यांतून पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालेल्यांस २०२२ सालीं विनामूल्य प्रवासाची सवलत देण्यांत आली. म्हणजे तिकिटाचा प्रश्न उरला नाहीं. पण गाडीची पायरी उंच आहे, गर्दी आहे, आणि उतरल्यावर बोचकें उचलावयास कोणी नाहीं. तिला भाड्यापेक्षां हात पाहिजे. सुटी लागतांच थोरल्या नातवानें जाऊन तिला आणावें, किंवा तिची इच्छा तिच्याच घरीं राहण्याची असेल तर सर्वांनीं तिकडे जावें. नाताळच्या आदल्या रात्रींच्या उपासनेस जाण्याची तिची उमेद असेल, तर "थंडी बाधेल, घरींच बस" असें म्हणून तिला दिव्याजवळ एकटी सोडूं नये. कानटोपी, पायमोजे आणि दाराजवळची बसण्याची जागा यांची तजवीज करून तिला न्यावें. जिच्या मैत्रिणी हयात आहेत, तिला त्यांपैकीं एकीच्या घरीं दोन तास नेऊन सोडणें, आणि स्वतः बाहेर ओट्यावर थांबणें, ही भेट तर एखाद्या अलंकाराहूनहि किंमतीची आहे. दोन म्हाताऱ्या एकमेकींस जें बोलतात, तें आपल्याशीं बोलतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "हें सारें ठीक, पण आमच्या घरीं परीक्षेची फीच जड जाते, आणि वडील रात्रपाळीस जातात. आम्हीं काय द्यावें?" अशा विद्यार्थ्यास आमचें सांगणें असें कीं, वर सांगितलेल्या भेटींपैकीं निम्म्याहून अधिक फुकट आहेत. गरीब मुलगा आजीच्या औषधांच्या पुड्यांवर 'सकाळीं', 'दुपारीं', 'रात्रीं' असें मोठ्या अक्षरांत लिहूं शकतो. मुलांचे व डॉक्टरांचे दूरध्वनीचे आंकडे पुठ्ठ्यावर ठळक लिहून भिंतीस लावूं शकतो. रविवारीं दुपारीं कोमट पाण्यांत तिचे पाय शेकूं शकतो. शाळेंत झालेली गोष्ट रोज संध्याकाळीं तिला सांगूं शकतो. एक अट मात्र आहे. जें द्यावयाचें तें वर्षभर चालवावें. नाताळच्या दिवशीं पाय धुऊन पुढें डिसेंबरापर्यंत ढुंकून न पाहणें यापेक्षां कांहींच वचन न देणें बरें. कारण म्हातारीं माणसें दिलेल्या शब्दाची वाट पाहतात. थोडें पत्करावें आणि तें पुरें करावें.

आणि ज्याला आजीच नाहीं त्यानें काय करावें? २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत साठीच्या पुढील माणसें सुमारें दहा कोटि अडतीस लक्ष भरलीं, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांपैकीं एखादी तरी आपल्या गल्लींत, चाळींत किंवा चर्चच्या मागील ओळींत एकटी राहत असेल. तिला करंज्यांचें ताट सर्वच देतात. तें ताट दारांतून देऊन न परततां तिच्याजवळ बसून त्यांतील एक करंजी तिच्याबरोबर खाणें, एवढी भर आपण घालावी. आपल्या शाळेंत हिंदु, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशीं सर्व धर्मांचीं मुलें शिकत आलीं आहेत. ज्यांच्या घरीं नाताळ नसतो, त्यांच्या घरीं दिवाळी, ईद किंवा पतेती असते. आणि आजी तर सर्वांच्याच घरीं सारखी असते. येथें सांगितलेलें त्यांनींहि आपापल्या सणास करून पाहावें.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुलें आपल्या हातांकडे पाहून शिकतात. बाप आपल्या आईला जें देतो, ज्या रीतीनें देतो, आणि देतांना तिच्याजवळ किती वेळ थांबतो, हें घरांतील सर्वांत लहान मूल न बोलतां टिपून ठेवीत असतें; आणि पंचवीस-तीस वर्षांनीं तें त्याच मापानें परत करतें. तेव्हां या वर्षीं यादी करावयास बसाल, तेव्हां पहिली ओळ आजीची लिहा, आणि ती लिहिण्यापूर्वीं उठून तिच्या खोलींत जाऊन या. दुकान त्यानंतर. सर्व विद्यार्थ्यांस, त्यांच्या आईवडिलांस, आणि विशेषेंकरून त्यांच्या आजीबाईंस हा नाताळ आनंदाचा जावो.